तीस मायक्रॉन

भूशास्त्राच्या तळघरात मी दगड घासायला लागलो
त्याला बत्तीस वर्षं झाली. तेव्हा टेम्पररी होतो.
पावडर दोनशे वीस, मग चारशे, सहाशे, हजार.
ओल्या काचेवर इंग्रजी आठ काढत राहायचं.
बोटांचे ठसे कधी गेले कळलं नाही;
हजेरीचं नवं यंत्र मला ओळखतच नाही.

तीस मायक्रॉनला आला
की वेताळ टेकडीचा काळा कातळ आरपार होतो,
खाली पेपर धरला तर वाचता येतो.
दोन भिंगांमध्ये फिरवला की आत
मंडईबाहेरच्या रांगोळीचे ढीग.
पहिल्यांदा बघितलं तेव्हा सरांना विचारलं होतं,
हे आधीपासून आत होतं?
सर म्हणाले, धोंगडे, चहा सांगा.

आता सगळेच विभाग माझ्याकडे येतात,
हातानं काप करणारा दुसरा कुणी उरला नाही.
सिल्विया डिमेलो समुद्रतळाचा चिखल आणते राळेत गोठवून,
एकेक बोट म्हणजे कितीतरी पावसाळे, म्हणते.
पुण्याला समुद्र नाही. पण आमच्या फ्रिजमध्ये
दुसऱ्या कप्प्यात आहे, चार अंशांवर,
आणि त्याच्यावर कुणाचा तरी दह्याचा डबा.

शलाका टिळेकरनं कापसात गुंडाळून एक दात आणला.
तोंडाला तोंड लावलेले दोन रांजण,
राहत्या घराच्याच जमिनीखाली; आत पाच-सहा वर्षांचं पोर.
साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं, ती म्हणाली,
आणि मग हळू: बाहेर नेलं नाही त्याला.

त्याच आठवड्यात ज्योत्स्ना ओव्हाळ,
आरोग्याचं काम करते ती, दापोडीच्या नदीकाठावरून
काडेपेट्या घेऊन आली. काडेपेटीत दुधाचे दात.
एका दाताला एक पेन्सिल, असा तिचा भाव.
एका पोरीनं न हलणाराही उपटायला काढला होता,
तेव्हापासून पेन्सिली आधी वाटते.

माझे दात आईनं कौलांवर भिरकावले होते, उंदराच्या नावानं.
उंदराकडे नोंद असेल.

दातात एक रेघ असते, मला या दोघींनी दाखवली.
जन्मताना वाढ जराशी अडखळते,
त्या अडखळण्याची रेघ. तिच्या अलीकडे आईचं पोट,
पलीकडे ताप, दुष्काळ, जे काय असेल ते.

त्या दुपारी लाइट गेली.
हिऱ्याच्या पेनानं काचेवर नंबर कोरायचा राहिला,
आणि परत उजेड आला तेव्हा माझ्या तळहातावर
दोन काप, अगदी सारखे.
बत्तीस वर्षांत असं झालं नव्हतं.
इरफान मुजावरनं फोटो त्याच्या संगणकाला दाखवले.
दोन्हीला त्यानं एकच उत्तर दिलं: मानवी, बालक,
खात्री एक्याण्णव टक्के.
शलाका वाकली, ज्योत्स्ना वाकली. दोघींना रेघ दिसली.
कुणाची, ते सांगता येईना.

मग ज्योत्स्ना म्हणाली, शिसं तपासू.
ज्याच्यात निघेल, तो आपला.

कुणी काही बोललं नाही. पंखा फिरत होता.
मी त्या पोरांच्या वेळेला हात लावला होता, माझी चूक,
आणि रागवायचं कुणाला सुचलं नाही.

इरफाननं आता माझ्या काचेजवळ माइक ठेवलाय.
काका, कधी थांबायचं ते तुम्हाला कसं कळतं?
आवाज बदलतो, मी म्हटलं.
खरखर असते, मग फक्त पाणी.
तो तासन् तास ते टिपून घेतो, यंत्राला शिकवायला.
त्यात माझा खोकला आहे,
वरच्या वर्गातल्या खुर्च्या आहेत,
भंगारवाल्याची हाळी आहे.
यंत्र तेही शिकणार. शिकू दे.

एकतीस मेला माझा शेवटचा दिवस.
तीस मायक्रॉन उरवायला बाकीचं सगळं घालवावं लागतं,
ते जातं नळाखालच्या बादलीत:
लाव्हा, समुद्र, रांजणातलं पोर, दापोडीची पोरं,
एकाच करड्या रंगाचा गाळ.
स्टोअरच्या फॉर्मवर लिहायचंय हे कुठल्या विभागाचं.
रकाना रिकामा आहे.
बादली जड आहे, दोघं लागतील.